ओळखीचा नसलेला समुद्र

सेंदाईतलं माझं दुसरं वर्ष होतं. २०११च्या भूकंपाला आणि त्सुनामीला तीन वर्षं होत आली होती. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या खोलीबाहेर एक फलक होता. जुनी सायकल, तांदळाचा कुकर, घर सोडून जाणाऱ्या कुणाचे पडदे, असल्या चिठ्ठ्या तिथे लागलेल्या असायच्या. त्यात एक दिवस फळ्यावरच्यासारख्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी दिसली. ‘आमच्याबरोबर इंग्रजी पुस्तकं वाचायला कोणी हवं आहे. रविवारी दुपारी. जेवण आमच्याकडे.’

मी तेव्हा पोस्टडॉक होते. पवनचक्कीच्या पात्यांवरून वारा कसा वाहतो याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हे माझं काम. नवरा कावासाकीला एका आयटी कंपनीत. तो पुण्याहून कंत्राटावर आलेला, मी फेलोशिपवर. एका देशात होतो, पण एका घरात नव्हतो. ज्या रविवारी आमच्यापैकी कोणी शिंकान्सेन बुलेट ट्रेन पकडायचं नाही, त्या रविवारी माझ्याशी कोणी बोलायचंही नाही. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या कोम्बिनी दुकानात गल्ल्यावरची मुलगी “पिशवी हवी का?” विचारायची, तेवढंच. तेव्हा जेवणाच्या आशेने, खोटं कशाला बोलू, मी त्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

घर शहराच्या पश्चिमेला एका टेकडीवर होतं. दार सत्तरीच्या आसपासच्या एका बाईंनी उघडलं. त्या सडपातळ होत्या आणि केस मुलासारखे बारीक कापलेले. मागे त्यांचे यजमान उभे होते. सबंध आयुष्य शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सगळा मोहल्ला त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. बाईंना मी पहिल्याच दिवसापासून मनात काकू म्हणत आले. मी मासे खात नाही हे फोनवर सांगितलं होतं, तर त्यांनी माशाऐवजी वाळलेल्या समुद्रवनस्पतीचा अर्क काढून सूप केलं होतं आणि तीनदा विचारलं, “हे चालतं ना तुम्हाला? हे समुद्रातलंच आहे, पण झाड आहे.”

मला वाटलं होतं, वाचायला गोष्टींची पुस्तकं असतील. जेवणाची भांडी उचलल्यावर सेन्सेईंनी टेबलावर एक भला मोठा नकाशा पसरला. जमीन नुसती पिवळी, कोरी. समुद्रावर मात्र आकडेच आकडे. वर फ्रान्सचा पश्चिम किनारा होता, त्याच्याखाली बिस्केचा उपसागर आणि अगदी तळाशी आफ्रिका.

“आम्ही इथून,” काकूंनी चॉपस्टिकचं टोक फ्रान्सच्या कोपऱ्यात, ब्रिटनीवर टेकवलं, “असे जाणार आहोत.” टोक स्पेनचं नाक ओलांडून पोर्तुगालच्या कडेकडेने खाली आलं, कॅनरी बेटांवरून घसरलं आणि आफ्रिकेच्या फुगवट्यासमोर केप व्हर्दच्या ठिपक्यांवर थांबलं.

“क्रूझने?” मी विचारलं.

“शिडाच्या होडीने. आम्ही दोघं. होडी तिकडेच घ्यायची, तिकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाची आहे. पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत. बंदरं, वारे, प्रवाह. आम्हाला शब्द कळतात, वाक्यं कळत नाहीत.”

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. कॉलेजात असताना मी खडकवासल्याच्या पाण्यावर दोन माणसांची छोटी शिडाची होडी चालवायला शिकले होते. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी सकाळी स्कूटरवरून जायचे. शिड भरलं की होडी एकदम जिवंत होते आणि सुकाणूचा दांडा धरलेल्या हाताला ते आधी कळतं. मग एम.टेक., पीएच.डी., लग्न, जपान. समुद्रावर मी कधी गेलेच नव्हते. ज्या पाण्याचा दुसरा काठ दिसत नाही, त्या पाण्यावर एकदा होडी न्यायची, असं तेव्हा ठरवलं होतं आणि नंतर विसरून गेले होते. त्या टेबलाशी ते सगळं वर आलं.

रविवार सुरू झाले. मी वाचायचे, सोप्या जपानीत सांगायचे, अडलं की हातवारे करायचे. बिस्केमध्ये खोल समुद्राचा तळ एकदम उथळ होतो, त्यामुळे वादळात लाटा तिथे उभ्या राहतात, म्हणून तो ओलांडायचा तो भर उन्हाळ्यात. पोर्तुगालला उन्हाळाभर उत्तरेचा वारा, पाठीवर हात ठेवून पुढे ढकलणारा. कॅनरीला मात्र घाई करायची नाही, शरद ऋतूत योग्य दिवस बघून लिस्बन सोडायचं. थोड्याच दिवसांत मी प्रयोगशाळेतलं काम संपलं की त्या किनाऱ्याच्या वाऱ्याच्या जुन्या नोंदी उतरवून घ्यायला लागले आणि रविवारी महिन्यामहिन्याचे रंगीत नकाशे घेऊन जायला लागले. सेन्सेई ते चष्मा कपाळावर चढवून, नाकाजवळ धरून बघायचे.

एकदा स्वयंपाकघरात भांडी पुसताना मी काकूंना विचारलं, “पण अटलांटिकच का? इथे दाराशीच समुद्र आहे.”

काकूंनी बाहेरच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. मग सांगितलं. त्यांची स्वतःची होडी होती, शिओगामाजवळच्या धक्क्यावर. लग्नानंतर घेतलेली. भूकंपाच्या दिवशी त्सुनामीच्या लाटेने ती उचलून नेली आणि पाणी ओसरल्यावर ती आत, भातशेतात, एका कुशीवर पडलेली सापडली. ती तोडून न्यायची परवानगी सेन्सेईंनीच दिली. तोडताना मात्र ते गेले नाहीत. “होडीचं काय, होडी गेली,” काकू म्हणाल्या. “पण ज्या गावातल्या शाळेत ह्यांनी शिकवलं, ते गाव किनाऱ्यावर होतं. त्यांचे विद्यार्थी मोठे झालेले, तिथेच राहायचे. तेव्हापासून हे समुद्राकडे गेले नाहीत. बसमध्येसुद्धा त्या बाजूला बसत नाहीत. एके दिवशी मी म्हटलं, हा समुद्र नको तर दुसरा बघू. ते हो म्हणाले. इतक्या महिन्यांत कशाला तरी हो म्हणाले.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या एका बंदराची माहिती वाचत होते. आत शिरताना कुठली खूण धरायची, नांगर कुठे टाकायचा. मग एक वाक्य आलं, की धक्क्यावरचं चर्च अडीचशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपानंतर आणि त्यामागून आलेल्या लाटेनंतर पुन्हा बांधलेलं आहे. मी ते वाक्य सोडलं आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. गोड पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगितलं. काकू चहा आणायला आत गेल्या, तेव्हा सेन्सेई हळूच म्हणाले, “तुम्ही एक वाक्य गाळलंत.”

मी बोट परत त्या ओळीवर नेलं.

“मी भूगोल शिकवत होतो,” ते म्हणाले. “लिस्बनला काय झालं ते दरवर्षी शिकवायचो. जिथे किनारा आहे, तिथे हे कधी ना कधी आहेच.”

“मग तुम्ही तिकडे का जाताय?”

त्यांनी नकाशावरची घडी तळहाताने सपाट केली. “तिथल्या पाण्यात माझ्या ओळखीचं कोणी नाही,” ते म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही गोड पाण्याच्या नळापासून पुढे वाचायला लागलो.

वसंत आला, चेरी फुलून गेली आणि तरी सेन्सेईंनी होडीत पाय ठेवलेला नव्हता. होडीचा फ्रेंच मालक पत्रांतून विचारत होता, शेवटची कधी चालवली होतीत? काकू त्याचं उत्तर टाळत होत्या. तेव्हा मी म्हटलं, “आपण तलावावर जाऊ या. मी तलावावरच शिकले.” काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. सेन्सेई म्हणाले, “तलावावर जायला हरकत नाही.”

काकू गाडी चालवत होत्या. इनावाशिरोचा तलाव डोंगरांच्या मधे, पाणी थंड आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसायचे. भाड्याने मिळालेली होडी माझ्या कॉलेजातल्या होडीची बहीण शोभली असती. सेन्सेई काठावर, शहरी बूट घालून, हाताची घडी घालून उभे राहिले. कोणी त्यांना काही म्हटलं नाही. मी एकटीच होडी ढकलून आत बसले. इतक्या वर्षांनी! सुरुवातीला सगळं आठवतंय असं वाटलं, मग डोंगरावरून वाऱ्याचा एक झोत आला, शिड एका बाजूला भरलं आणि होडी कलंडायला लागली. मी शिडाची दोरी घट्ट ओढून धरली होती. नवशिक्या माणूस घाबरला की नेमकं हेच करतो.

“सोडा! दोरी सोडा!” काठावरून आवाज आला. शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा आवाज. “हातातली दोरी सोडा, हात मोकळा!”

मी सोडली. शिड फडफडलं, होडी सरळ झाली. वळून बघते तर सेन्सेई गुडघाभर पाण्यात होते, बुटांसकट, विजारीसकट. ते तसेच चालत आले आणि होडीची कड धरली. “सरका,” ते म्हणाले.

मग ते आत चढले. दांडा त्यांनी हातात घेतला आणि क्षणभर नुसता धरून ठेवला. नंतर होडी वळली, शिड भरलं आणि आम्ही तलावाच्या मधोमध निघालो. पलीकडचा काठ जवळ आला की ते वळवायचे, पुन्हा निघायचे. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, “आता तुम्ही.” मी दांडा घेतला. ते पुढे तोंड करून बसले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण खांदे हलत होते. मी होडी नीट चालवायचा प्रयत्न करत राहिले. काठावर काकू त्यांच्यासाठी कोरडे मोजे हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते घरूनच आणले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत काकू म्हणाल्या, “लिस्बनपासून कॅनरीपर्यंतचा टप्पा हा पहिला खरा लांब टप्पा. जमीन दिसत नाही. तिसरं माणूस असलेलं बरं. तुम्ही याल का?”

मी हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी हसला. “अगं, तू समुद्रात कधी होडी चालवली आहेस का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? म्हणूनच.”

पुढच्या खेपेला येताना त्याने माझ्यासाठी डोक्याला बांधायचा दिवा आणला. डोंगर चढणाऱ्यांच्या दुकानातून, लाल उजेडाचासुद्धा, कारण लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तो पाण्याला भिणारा माणूस, पण माझ्या वेडात त्याने कधी पाय आडवा घातला नाही. मी जलरोधक कोट घेतला, दोऱ्यांच्या गाठी पुन्हा शिकले. बसची वाट बघताना हातातल्या पिशवीच्या बंदाला गाठी मारत असायचे. ते दोघं जूनमध्ये फ्रान्सला जाणार, मी शरदात लिस्बनला त्यांना गाठणार, असं ठरलं. माझ्या भारतीय पासपोर्टाला लागणाऱ्या व्हिसाचे कागद गोळा व्हायला लागले.

आणि मग मेमध्ये त्सुकुबाहून फोन आला. एका संशोधन संस्थेत मी आदल्या हिवाळ्यात अर्ज केला होता. कायमची म्हणावी अशी जागा, आणि मुख्य म्हणजे त्सुकुबाहून नवरा रोज कावासाकीला जाऊ-येऊ शकला असता. गाड्या बदलत, दमत, पण रात्री घरी. रुजू व्हायची तारीख ऑक्टोबरची पहिली.

मी संस्थेत फोन करून विचारलं, नोव्हेंबरात रुजू झाले तर चालेल का? पलीकडच्या बाई अतिशय नम्र होत्या. “नोव्हेंबर म्हणजे, ते जरा...” एवढं म्हणून त्या थांबल्या. जपानीत वाक्य असं अर्ध्यावर थांबलं, की त्याच्या पुढे ‘नाही’ असतं. इतकं मला तोवर कळायला लागलं होतं.

“तू जा,” नवरा म्हणाला. “दुसरी नोकरी मिळेल. इतकी वर्षं वेगळे राहिलो, अजून थोडं.”

तो मनापासून म्हणत होता. पण मागच्या खेपेला स्टेशनवर निरोप घेताना त्याने पाठ फिरवल्यावर, माझ्या लक्षात आलं होतं की त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत आणि ते कधी झाले हे मला माहीत नाही. मला ते घर हवं होतं. मला तो समुद्रही हवा होता. मी घर घेतलं.

त्या रविवारी टेबलाशी मी सांगितलं, तेव्हा काकूंनी भाताचं भांडं पुढे ओढलं. मग म्हणाल्या, “चांगलं झालं. एका घरात राहाल.” आणि माझ्या वाटीत आणखी भात वाढला. सेन्सेई नकाशाकडे बघत होते. “मग वारा कोण बघणार?” त्यांनी विचारलं.

“मी बघेन,” मी म्हटलं. “आधी इथून, मग त्सुकुबातून.”

तसंच झालं. त्यांच्या होडीवर उपग्रहावरून छोटे निरोप पाठवणारं एक यंत्र होतं. तिकडे रात्र पडायची, तेव्हा आमच्याकडे सकाळ असायची. मी उठून हवामानाचे नकाशे बघायचे आणि दोन ओळी पाठवायचे. बिस्के त्यांनी शांत हवेत ओलांडला. पोर्तुगालच्या किनाऱ्याला धुकं लागलं, तेव्हा काकूंचा निरोप आला, ‘पाळीपाळीने भोंगा वाजवतो आहोत. हे पोवाडा गातात.’ तो शब्द अर्थातच माझा आहे. त्यांनी लिहिलं होतं की सेन्सेई कोळ्यांचं जुनं गाणं मोठ्याने म्हणतात.

ऑक्टोबरात मी नव्या कचेरीत रुजू झाले. लिस्बनहून निघायची वेळ आली. मी एक वादळ पुढे जायची वाट बघत होते. ते सरकलं की उत्तरेचा वारा लागणार होता. सलग सगळे अंदाज जुळल्यावर मी लिहिलं, ‘उद्या सकाळी निघा.’ ते निघाले. मी ज्या टप्प्यावर असणार होते, तो टप्पा. आता त्यांच्या मागून लाट येत असेल, आता शिड थोडं आखडलं असेल, हे मला माझ्या टेबलावरून समजत होतं. पण पाणी दिसतं कसं, ते समजत नव्हतं. शेवटी न राहवून मी विचारलं, ‘पाण्याचा रंग कसा आहे?’

काकूंचं उत्तर आलं, ‘शाईसारखा. नाही, शाईसारखा नाही.’

त्यानंतर निरोप थांबले. एक सकाळ काही नाही, संध्याकाळी काही नाही. वारा मी सांगितला त्याहून वाढला होता. नकाशावर तो भाग नारिंगी झाला होता आणि निघायचा दिवस मी निवडला होता. घरी नवऱ्याने पोळ्या केल्या, जाड आणि वाकड्या, आणि समोर बसून राहिला. “खा गं थोडं,” तो म्हणाला. “त्या माणसाने आयुष्यभर होडी चालवली आहे.” दुसऱ्या दिवशी सायकलवरून कामावर जाताना खिशातला फोन थरथरला. मी रस्त्याच्या कडेला उतरले. सायकल तशीच आडवी पडली. ‘यंत्र भिजलं होतं. तांदळाच्या डब्यात पुरून वाळवलं. वारा पुष्कळ. आम्ही ठीक. बरोबर डॉल्फिन आहेत.’ मी तिथे फुटपाथवर उभी राहून रडले. मागून येणाऱ्या एका आजोबांनी माझी सायकल उचलून नीट उभी केली, वाकून नमस्कार केला आणि काही न विचारता पुढे गेले.

ते कॅनरीला पोचले. हिवाळ्यात केप व्हर्दलाही पोचले. होडी तिथेच एका तरुण जोडप्याला देऊन टाकली आणि विमानाने सेंदाईला परत आले.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो, वर्षातून एकदा. आमची मुलगी चार वर्षांची झाली, त्या वर्षी गेलो तेव्हा सेन्सेई स्वतःहून म्हणाले, “चला, समुद्रावर जाऊ.” काकू चकित झाल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की हे पहिल्यांदाच नाही. किनाऱ्यावर आता उंच काँक्रीटची भिंत होती. पायऱ्या चढून वर गेल्याशिवाय पाणी दिसत नव्हतं. सेन्सेई कठडा धरून हळूहळू चढले, वर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. मुलीने त्यांचं बघून हात जोडले.

“होडी मी इथे पुन्हा चालवणार नाही,” ते मला म्हणाले. “पण तिकडे, बेटांच्या पुढे, एका सकाळी सगळं चांगलं चाललं होतं, वारा चांगला, ही खाली चहा करत होती, आणि मला एकदम इथलं पाणी आठवलं. त्या मुलांना सोडून मी किती लांब आलो, असं वाटलं. म्हणून येऊन उभा राहतो.”

मी मान हलवली. मला त्यांना विचारायचं होतं की चहूकडे जमीन दिसेनाशी होते तेव्हा आधी काय जातं, डोंगर की दिवे की वास. पण ती वेळ नव्हती, आणि नंतर विचारायचं राहूनच गेलं. मागच्या वर्षी सेन्सेई गेले. काकू फोनवर म्हणाल्या, झोपेत गेले, त्रास झाला नाही.

त्सुकुबाहून गाडीने तासाभरावर ओआराईचा किनारा आहे. रविवारी आम्ही कधीकधी जातो. नवरा वाळूत चटई अंथरून बसतो आणि लाट जवळ आली की चटई मागे ओढतो. तिथून संध्याकाळी उत्तरेकडच्या बेटावर, होक्काइदोला जाणारी मोठी फेरीबोट सुटते. ती धक्का सोडते, वळते आणि आधी इमारतीएवढी दिसते, मग काड्यापेटीएवढी. मी शेवटपर्यंत बघत राहते. एकदा अशीच बघत असताना मुलीने माझा हात ओढला.

“आई, कुठे चाललीये ती?” तिने जपानीत विचारलं.

“होक्काइदोला,” मी मराठीत म्हटलं.

“आणि त्याच्या पुढे?”

“त्याच्या पुढे समुद्र.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिला थंडी वाजायला लागली. मी माझा जलरोधक कोट काढून तिच्या अंगावर घातला, तो तिच्या पायाच्या घोट्यांपर्यंत आला. नवरा चटई झटकत होता. फेरीबोट अजून दिसत होती. मी म्हटलं, “तुम्ही गाडीत जाऊन बसा, मी आलेच.”